कुलूपकाकांचे सोमवार

आमच्या ऑफिसात कुलूपकाकांचं खरं नाव घेणारी एकच वस्तू होती: दारावरचं हजेरीचं यंत्र. त्यावर बोट टेकवलं की ते आडनावासकट पूर्ण नाव उच्चारायचं आणि दरवेळी काका दचकून मागे बघायचे, जणू दुसरंच कुणी आलंय. बाकी आम्हा सगळ्यांसाठी ते कुलूपकाका. हे नाव कुणी ठेवलं याबद्दल ऑफिसात दोन गट आहेत आणि दोन्ही गट श्रेय माझ्यावर ढकलतात, त्यामुळे मी तो विषय इथेच सोडतो.

काम आमचं साधं. इंटरनेटवर जे तक्ते असतात, ज्यांना सगळे शीट म्हणतात, त्यांना चिकटणारं एक छोटं साधन आमची कंपनी विकते. ॲड-ऑन. शीटमध्ये नावं, वेळा, पत्ते भरायचे, ॲड-ऑनचं बटण दाबायचं, की ज्याची त्याला आपापली यादी मेसेजने जाते. बस्स, एवढंच. पण हे एवढंच करायला आधी आत यावं लागतं, आणि माणसाला आत येता येत नाही. कुणाचा पासवर्ड हरवतो, कुणाची परवानगी संपते. दिवसभर लोक दाराबाहेर उभे राहून आम्हाला हाका मारतात आणि आम्ही आतून कडी काढतो. अशा एकेका हाकेला आमच्याकडे तिकीट म्हणतात. दहातल्या सहा वेळा असं निघतं की दार उघडंच होतं, माणूसच शेजाऱ्याच्या दारापुढे उभा होता.

हे शेजाऱ्याच्या दाराचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हल्ली प्रत्येकाची दोन खाती असतात, एक घरचं, एक कामाचं. दोन्ही एकाच ब्राउझरमध्ये उघडलेली. आमचं ॲड-ऑन जरा बावळट आहे. जे खातं आधी आत शिरलं, तोच घरमालक असं ते धरून चालतं. मग तुम्ही कामाच्या खात्यातून कितीही बटणं दाबा, ते घरच्या खात्याकडे बघून म्हणतं, ‘आपल्याला परवानगी नाही.’ माणूस चिडतो, पासवर्ड बदलतो, कॉम्प्युटर बंद करून चालू करतो, शेवटी आम्हाला लिहितो. आणि लिहिताना हमखास सुरुवात करतो, ‘मी काहीच केलेलं नाही.’

काका या रोगातले तज्ज्ञ. वय अठ्ठावन्न. पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता, बावीस मशिनं, सकाळ-संध्याकाळ बॅचेस. मशिनं भंगारात गेली, बोटं तेवढी शाबूत राहिली. आम्ही सातजण दोन बोटांनी कोंबडी दाणे टिपते तसं टाइप करायचो. काका खिडकीबाहेर बघत आमच्या तिप्पट वेगाने. आमची टीम लीड, जिला आम्ही तोंडावर मॅडम आणि पाठीमागे घड्याळबाई म्हणतो, तिने तयार उत्तरांचा एक साठा करून दिलाय. ‘नमस्कार, तुमची अडचण आम्हाला समजली’ असं बटण दाबलं की आपोआप उमटतं. काकांनी ते बटण आयुष्यात दाबलं नाही. त्यांचं प्रत्येक पत्र कोऱ्या पानापासून सुरू व्हायचं. ‘महोदय, आपला सकाळचा वेळ वाया गेला याचं वाईट वाटतं.’ लोकांना वाटायचं आपण थेट कंपनीच्या मालकाशी बोलतोय.

घरी ते एकटे. म्हणजे कागदोपत्री नाही. काकू आहेत, मुलगी आहे, जावई आहे, नातू आहे, पण सगळे दुसऱ्या शहरात. नातू झाला तेव्हा काकू सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला चार वर्षं झाली. भांडण नाही, काही नाही. आधी बाळ लहान होतं, मग मुलगी कामावर जायला लागली, मग बाळाला आजीशिवाय झोप येईना. काकू रोज दुपारी दीडला फोन करायच्या. तो फोन मी इतक्यांदा ऐकलाय की दोन्ही बाजू पाठ आहेत.

“अहो, जेवलात?”

“हो.”

“गोळी?”

“घेतली.”

“दुसरं काय?”

“काही नाही. तुझं?”

“काही नाही. हा बघा, ओढतोय फोन. ठेवते.”

काका फोन खिशात ठेवायचे आणि डब्याचं झाकण लावायचे. जेवणाच्या वेळेत त्यांचं एवढंच बोलणं.

सोमवारी मात्र काका वेगळे असायचे. आम्ही नऊला डोळे चोळत यायचो तेव्हा ते कधीचेच जागेवर. शर्ट कडक इस्त्रीचा. एकदा मी म्हणालोसुद्धा, “काय काका, आज कुणी बघायला येणार आहे का?”

“अरे, इस्त्रीवाला शनिवारी देतो कपडे,” ते म्हणाले. “पहिला शर्ट सोमवारच्याच वाट्याला येणार ना?”

उत्तर चोख होतं, म्हणून मी आपल्या जागेवर जाऊन बसलो.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. अक्षरं मोठी करत करत त्यांच्या स्क्रीनवर शेवटी एका वेळी चार शब्द मावायला लागले, तेव्हा घड्याळबाईंनी सरळ सुट्टीच लिहून दिली. एका शुक्रवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोबत मी गेलो होतो, कारण फॉर्मवर ‘सोबतची व्यक्ती’ असा रकाना होता आणि काका पाच मिनिटं पेन धरून तो रकाना बघत बसले होते.

डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस स्क्रीन बंद. ना कॉम्प्युटर, ना मोबाइल. थेंब दिवसातून चार वेळा.

मी त्यांना घरी सोडलं. दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. स्वच्छ म्हणजे इतक्या स्वच्छ की कुणी राहत नसावं. टेबलावर एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. बाकीची भांडी कपाटात, काचेआड, मांडून ठेवल्यासारखी. एवढ्यात काकूंचा फोन आला. मी फोन त्यांच्या कानाला लावून दिला.

“थेंब कोण घालतं?” आवाज मला ऐकू येत होता. “मी येऊ का? पण याची शाळा...”

“छे छे. शेजारी आहेत ना. सारखे येऊन बघतात.”

मी शेजारच्या घराकडे बघितलं. कुलूप होतं. म्हणजे शेजारी मीच. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आणि संध्याकाळी जाऊन थेंब घालायला लागलो. मधल्या दोन वेळचे थेंब काका आपले आपण घालायचे, निम्मे गालावर.

रविवारी संध्याकाळी निघताना ते म्हणाले, “उद्या सव्वानऊच्या सुमारास एक तिकीट येईल. यादीबाईंचं.”

“कोण यादीबाई?”

“डायलिसिसच्या पेशंटना घरून न्यायच्या-आणायच्या गाड्या असतात ना, त्याचं काम बघतात. नऊ गाड्या, छत्तीस पेशंट. आठवड्याच्या याद्या सोमवारी सकाळी ड्रायव्हरांना जातात. याद्या गेल्या की गाड्या निघतात. त्यांना आत येता येणार नाही. तू काही विचारू नकोस, एक दिवसाचा पास दे. आधी तेच कर. बाकी सगळं नंतर.”

“तुम्हाला आधीच कसं माहीत की येता येणार नाही?”

“येत नाही त्यांना,” काका म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थेंब चुरचुरत असतील.

एक दिवसाचा पास ही आमच्याकडची सोय. ॲड-ऑन चुकीच्या खात्याला घरमालक समजत असेल, तर आम्ही इथून त्या खात्यालाच तेवढ्या दिवसापुरती परवानगी देतो. समोरच्याला काही करावं लागत नाही. रात्री बाराला पास आपोआप मरतो.

सोमवारी मी नऊ वाजून पाच मिनिटांनी जागेवर होतो. देवाशपथ होतो. पण नऊ दहाला घड्याळबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. मीटिंगचा विषय होता, तिकिटांना उत्तर द्यायचा वेळ कमी कसा करावा. त्या मीटिंगला अडीच तास लागले. मोबाइल बाहेर टोपलीत. सव्वानऊला मला आठवलं. साडेनऊला पुन्हा आठवलं. दोन मिनिटं बाहेर जाऊ का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी बाई म्हणाल्या, “काहीजणांना मीटिंगमध्ये सारखं उठायची सवय आहे.” मी तोंड मिटलं. आता मागे वळून बघताना वाटतं, उठलो असतो तर फार तर एक टोमणा पडला असता. तेवढा सोसायचा मला कंटाळा आला.

अकरा चाळीसला बाहेर आलो. रांगेत यादीबाईंची पाच तिकिटं होती. पहिलं नऊ बाराचं: ‘पुन्हा तेच. आपण आहात ना?’ दुसरं साडेनऊचं. तिसऱ्यात फक्त ‘कृपया’. चौथं दहा वीसचं: ‘ड्रायव्हरांना फोनवर सांगतेय, पण निम्मे उचलत नाहीत, गाडी चालवताना उचलायचा नाही असा मीच नियम केलाय.’ पाचवं कोरं होतं. नुसतं पाठवलेलं.

मी पास दिला. अर्ध्या मिनिटाचं काम. तीन मिनिटांत नऊ याद्या गेल्या.

आणि मग मी ते केलं जे कुणीही केलं असतं: जुनी तिकिटं उघडली. याचं कारण काय, दर सोमवारीच का, हे बघायला. एकूण अडुसष्ट होती. अडुसष्ट सोमवार, अडुसष्ट पास, सगळे काकांच्या हातचे.

पहिलं सव्वा वर्षापूर्वीचं, कोरडं ठणठणीत. ‘उघडत नाही. ड्रायव्हर थांबलेत. लवकर करा.’ खाली काका: ‘महोदया, आजच्या दिवसाचा पास दिला आहे. पान एकदा ताजं करून बघावं.’ सातव्यात कारण सापडलं. बाईंनी लिहिलं होतं, ‘पुन्हा तेच. माफ करा. काल बहिणीशी बोलायला माझ्या घरच्या खात्यातून आत आले होते. ती लांब असते. आठवड्यातून तेवढाच एक दिवस बोलणं होतं.’ म्हणजे रविवारी घरचं खातं आधी शिरायचं आणि सोमवारी तेच घरमालक होऊन बसायचं. काकांचं उत्तर: ‘बहिणीशी बोलणं थांबवू नये. पासचं आम्ही बघू.’

त्यानंतर प्रत्येक तिकिटाच्या तळाशी एक-दोन जास्तीच्या ओळी. बाई लिहायच्या, ‘गाडी नंबर चार आज परत चुकीच्या दारात. पेशंट मागच्या दारात, गाडी पुढच्या, आणि दोघं मला फोन करून एकमेकांची तक्रार करतायत.’ काका लिहायचे, ‘दोघांना एका फोनवर घ्यावं आणि आपण चहा प्यावा.’ बाई: ‘तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम पुढची सीट सोडत नाहीत. ड्रायव्हर म्हणतो, त्यांनाच चालवायला देतो.’ चार नंबरच्याच गाडीचे एक छत्रीवाले आजोबा या ओळींत वारंवार यायचे. ऊन असो, काही असो, छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत आणि गाडी यायच्या आधी तासभर फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. काकांनी एकदा विचारलं होतं, ‘आजोबांची छत्री दुरुस्त झाली का?’ त्यावर बाई: ‘झाली. दांडा नवीन. फार खूश आहेत, सगळ्यांना उघडून दाखवतात.’ एका सोमवारी काकांनीच आधी लिहिलं होतं: ‘इथे कुंडीत एक रोप आहे. त्याला आज चौथं पान आलं.’ बाईंनी पाचव्याची चौकशी पुढचे तीन आठवडे केली होती.

सगळं ‘आपण’ आणि ‘कृपया’ मध्ये. सव्वा वर्षात कुणी कुणाचं नाव विचारलं नव्हतं.

मी वाचत गेलो आणि हसत गेलो, आणि मधेच माझं हसणं थांबलं. कारण या दुखण्याला औषध आहे. कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करायचं, म्हणजे घरचं आणि कामाचं खातं एकमेकांच्या वाटेला जात नाही. पाच मिनिटं लागतात, एकदाच करायचं. आमच्या मदतीच्या पानावर ते ठळक अक्षरांत आहे. तो लेख लिहिलाय कुलूपकाकांनी. दिवसातून दहाजणांना ते हेच औषध द्यायचे. या एका बाईंना अडुसष्ट वेळा दिलं नव्हतं.

दुपारी चारला यादीबाईंचं तिकीट आलं. मी ते छापून घेतलं आणि संध्याकाळी काकांकडे गेलो.

ते टेबलाशी बसले होते, हिरवा चष्मा लावून. “पास दिलास?” हाच पहिला प्रश्न.

“दिला. अकरा चाळीसला.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “सव्वानऊला सांगितलं होतं.”

“मीटिंग होती.”

मी म्हणालो, “त्यांनी लिहिलंय. वाचू?”

“वाच.”

मी वाचलं. “‘याद्या गेल्या, पण फार उशीर झाला. पाच गाड्या अंदाजाने निघाल्या, चार निघाल्याच नाहीत. छत्रीवाले आजोबा पावणेनऊपासून बाकावर बसून होते. त्यांना वाटलं गाडी येईलच, म्हणून ते घरात परत गेले नाहीत. साडेअकराला शेजाऱ्यांनी बघितलं. त्यांची डायलिसिसची पाळी गेली. दुपारी दम लागला म्हणून वॉर्डात घेतलंय. आता स्थिर आहेत असं म्हणतात. हे असं परत होता कामा नये. काही कायमचं करता येतं का?’”

कागद मी टेबलावर ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

“थंडी होती सकाळी,” काका म्हणाले.

“काका, तुम्ही त्यांना प्रोफाइल का नाही करून दिलंत?”

“दिलं असतं तर तिकीट आलं नसतं.”

त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं. मग आपणहूनच म्हणाले, “पहिल्यांदा खरंच विसरलो. दुसऱ्यांदा घाई होती. मग त्यांनी बहिणीचं लिहिलं. म्हटलं, पुढच्या सोमवारी सांगू. दर सोमवारी म्हणायचो, पुढच्या सोमवारी.” मग जरा थांबून, “मी आहे ना, असं वाटायचं. मी नसेन, हे डोक्यातच आलं नाही. सुट्टी कुठे घ्यायची असते मला?”

काही वेळाने त्यांनी विचारलं, “लॅपटॉप आणलायस? उघड. मी सांगतो, तू टाइप कर.”

ते खुर्चीत ताठ बसले. आता मला क्लासमध्ये बसल्यासारखं वाटायला लागलं.

“महोदया, स्वल्पविराम. नवी ओळ. कायमचा उपाय आहे, पूर्णविराम. पायरी एक. ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात आपलं चित्र दिसतं, त्यावर टिचकी मारावी. झालं? किती वेळ! पायरी दोन. ‘नवीन प्रोफाइल’ असं दिसेल...”

पाच पायऱ्या त्यांनी मिटल्या डोळ्यांनी सांगितल्या, बटणाच्या रंगासकट. मग म्हणाले, “परिच्छेद बदल. ‘हा उपाय मला पहिल्या सोमवारपासून माहीत होता.’ पूर्णविराम.”

माझी दोन्ही बोटं थांबली. “काका, हे कशाला? पायऱ्या दिल्या, विषय संपला. त्यांना काय कळणार आहे?”

“लिही.”

“हे कंपनीच्या नावाने जातं. घड्याळबाई सगळं वाचतात.”

“वाचू दे. त्यांचाही वेळ चांगला जाईल. लिही. ‘मी तो आपल्याला दिला नाही. म्हणून आज सकाळी आपण बाहेर अडकलात. दोष माझा आहे, ॲड-ऑनचा नाही.’”

“दोष माझाही आहे,” मी म्हणालो. “मी उठलो नाही मीटिंगमधून.”

“तुझं तू वेगळं लिही. माझ्या पत्रात घुसू नकोस.”

मी लिहिलं. आणि सवयीने विचारलं, “खाली एखादी ओळ?”

“नको,” ते म्हणाले. “पाठव.”

घड्याळबाईंनी मंगळवारी मला बोलावलं. पत्र छापून त्यांच्या पुढ्यात होतं. ते त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा वाचलं. शेवटी म्हणाल्या, “एक दिवसाचा पास आता माझ्या सहीशिवाय कुणी द्यायचा नाही. आणि मीटिंगच्या वेळी एकजण बाहेर थांबेल.” मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, “डोळा कसा आहे त्यांचा?”

“बराय.”

“हं. आल्यावर माझ्याशी बोलायचंय म्हणावं. घाई नाही.”

यादीबाईंचं उत्तर बुधवारी आलं. तेही मी छापून नेलं. थेंब घालून झाले, काका डोळा मिटून पाच मिनिटं पडून होते, तसंच मी वाचलं.

“‘प्रोफाइल केलं. तिसऱ्या पायरीला अडकले होते, मग जमलं. आजोबांना घरी सोडलं. पावणेतीन तास ते तिथे बसले होते. तुम्ही त्यांना ओळखत होतात. तिकीट बंद करावं.’”

“परत वाच.”

परत वाचलं.

“‘तुम्ही त्यांना ओळखत होतात’, असं आहे?”

“असं आहे.”

ते पडूनच राहिले. पाच मिनिटं कधीच झाली होती. मी म्हणालो, “काका, उठा आता, झाले थेंब.” ते उठले नाहीत. मी पालथा पेला सुलटा केला, पाणी भरून त्यांच्या हाताशी ठेवलं. इतका वेळ मला गंमत सुचली नाही, हे माझ्या लक्षात आलं. एखादी सुचली असती, तरी ऐकवली नसती.

“बंद कर,” त्यांनी सांगितलं. मी लॅपटॉप उघडून तिकीट बंद केलं. बंद केलं की समोरच्याला एक छोटी चिठ्ठी जाते, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच तारे द्या. काकांना अडुसष्ट वेळा पाच मिळाले होते. ते विचारतील म्हणून मी पुढचे दोन दिवस बघत राहिलो. चिठ्ठी कोरीच राहिली. आणि त्यांनीही विचारलं नाही.

दीडचा फोन मात्र रोज येत होता. शनिवारी मी तिथेच होतो. “जेवलात? थेंब?” झाल्यावर काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “दुसरं काय?” काका बराच वेळ फोन धरून बसले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचे ओठसुद्धा हलले.

“काही नाही,” ते म्हणाले. “तुझं?”

पुढच्या सोमवारी मी घड्याळबाईंना विचारून काकांच्या घरूनच काम करायचं ठरवलं. विचारताना कारण द्यायची माझी तयारी होती, पण त्यांनी नुसतं “जा” म्हटलं. नऊच्या आत पोचलो. काका अंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, टेबलाच्या एका बाजूला बसलेले. लॅपटॉप मी त्यांच्याकडे पाठ करून ठेवला, डॉक्टरांची आज्ञा.

नऊ दहा झाले. नऊ बारा झाले. काका हाताची घडी घालून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“आलं काही?”

“तिकिटं आलीत. त्यांचं नाही.”

नऊ पंधरा.

“नीट बघ. नाव वेगळं असेल. घरच्या खात्यावरून असेल.”

मी बघितलं. नव्हतं. मग मला सुचलं, आमच्याकडे नोंदवही असते, कुठल्या गिऱ्हाइकाच्या किती याद्या कधी गेल्या याची. ती उघडली. “काका, गेल्यात याद्या. नऊच्या नऊ. नऊ वाजून सहा मिनिटांनी.”

“सहा?” त्यांनी मान वर केली. “इतक्या लवकर? नेहमी साडेनऊ होतात.”

“आता पासची वाट बघावी लागत नाही ना,” मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

“हो, तेही आहेच,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “मग चार नंबरची गाडी आत्तापर्यंत आजोबांकडे पोचलीही असेल.”

“असेल.”

“योग्य दारात.”

“ते सांगता येत नाही.”

ते किंचित हसले. मी रांगेकडे वळलो. चौदा तिकिटं होती. वरचं एका शाळेच्या क्लार्कचं, ‘मी काहीच केलेलं नाही’ पासून सुरू होणारं. मी म्हणालो, “काका, वाचू का? तुम्ही सांगा, मी टाइप करतो. वेळ जाईल तुमचा.”

“थांब जरा,” ते म्हणाले. “साडेनऊ होऊ दे.”

मग आम्ही दोघं तसेच बसलो. त्यांनी एकदा शर्टाची बाही सारखी केली. खाली कुणाची तरी गाडी मागे घेताना पीं पीं वाजली आणि थांबली. लॅपटॉपच्या कोपऱ्यातले आकडे एकेक करून बदलत होते आणि ते त्यांना दिसत नव्हते, म्हणून नऊ तीस झाल्यावर मी सांगितलं.

“झाले साडेनऊ.”

“हं,” काका म्हणाले. “वाच आता.”